चालत्या बसचा हरवलेला ड्रायव्हर

एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी पुन्हा बस चालवायला बोलावलं, तर तो आधी गाडी शोधणार. आजोबांनीही तेच केलं. शाळेच्या पटांगणात उभं राहून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मोठ्या बाईंना विचारलं, "गाडी कुठाय?"

"ही काय," असं म्हणून मोठ्या बाईंनी समोर उभ्या असलेल्या बावीस पोरांकडे हात केला.

आजोबांना वाटलं, थट्टा चालली आहे. पण मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शाळेची गल्ली अरुंद. रोज सकाळी साडेआठाच्या आत त्या गल्लीत एकशे चाळीस गाड्या घुसायच्या. हा आकडा सातवीच्या पोरांनी भिंतीवर खडूने रेघा मारून काढला होता. हाकेच्या अंतरावर राहणारं पोरसुद्धा गाडीतून यायचं, आणि गाडी कोपऱ्यावर वीस मिनिटं अडकून धूर सोडत बसायची. पहिलीच्या वर्गात खोकल्याची साथ कायमची मुक्कामाला होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने तर सकाळी पांढरे शर्ट बाहेर टांगणंच सोडलं होतं, कारण दहा वाजेपर्यंत ते राखाडी व्हायचे. शाळेमुळे गल्लीची ही दशा झाली, तेव्हा ती शाळेनेच निस्तरली पाहिजे, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. म्हणून ही चालती बस काढायची. एका वाटेवरच्या पोरांनी जोड्या करून एकत्र चालत यायचं. ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक.

"पुढे तुम्ही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्याइतका अनुभवी ड्रायव्हर आम्हाला कुठे मिळणार?"

आजोबांचा ऊर भरून आला आणि डोक्यात गोंधळही तितकाच झाला. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही.

"आणि आरसा?" त्यांनी विचारलं. "आरसा नाही, तर मागचं बघायचं कसं?"

"मागे वळून बघायचं, आजोबा."

हे उत्तर त्यांना अजिबात पटलं नाही. गाडी पुढे चाललेली असताना ड्रायव्हर मागे वळून बघतो की काय? पण वरिष्ठांशी वाद घालू नये, म्हणून ते गप्प बसले.

खरं सांगायचं तर त्यांनी एवढ्यावर होकार दिला, तो बसच्या प्रेमापोटी नव्हेच. तो दिला नातीपायी. आजी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आजोबा मुलाकडे राहत होते. एका घरात राहूनही त्यांची आणि नातीची गाठ पडायची ती जेवणाच्या ताटावर. तिसरीतली ही पोर घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. सकाळी बाबाची गाडी, दुपारी शाळा, मग गाण्याचा क्लास, चित्रांचा क्लास, मग गृहपाठ, मग झोप. आजोबा खिडकीशी बसून तिची येणारी-जाणारी गाडी बघायचे. चालत्या बसमुळे रोजची पंचवीस मिनिटं मिळणार होती. पंचवीस मिनिटं कमी वाटतात, पण ज्याला पाचही मिळत नाहीत त्याला विचारा.

मुलगा तयार नव्हता. "बाबा, रस्त्यावरून बावीस मुलं न्यायची म्हणजे खेळ नाही. एक चूक झाली, एकच, की भिंगरी दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाडीतून जाईल."

"एकतीस वर्षांत माझ्याकडून किती चुका झाल्या, ते विचार डेपोत," आजोबा म्हणाले.

एक झाली होती, पण ती त्यांनी सांगितली नाही.

मोठ्या बाईंनीही महिनाभराचीच मुदत दिली होती. तेवढ्यात एकही पोर इकडचं तिकडे झालं, तर बस बंद.

मागे चालायला कंडक्टरबाई मिळाल्या. त्या पलीकडच्या इमारतीत राहत आणि आजोबांच्या बसवर शेवटची सहा वर्षं त्याच कंडक्टर होत्या. जीभ अशी की उलट्या बाजूने बसलेला प्रवासीही सुलट होऊन ऐकेल. त्यांनी पहिल्याच दिवशी घरातल्या मोडक्या सायकलची घंटी काढून आणली.

"ही घ्या आपली बेल," त्या म्हणाल्या. "सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. आहे ना लक्षात, की पेन्शनबरोबर विसरलात?"

आजोबांच्या जिवात जीव आला. गाडी नसेना का, बेल तर आहे. सगळा गोंधळ मिटला असं त्यांना वाटलं, आणि गोंधळाला खरी सुरुवात झाली ती तिथूनच.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सात पन्नासला कॉलनीच्या फाटकातून बस सुटायची म्हणजे सुटायची. सात एक्कावन्नला धावत आलेलं पोर आईच्या हाताला धरून पुढच्या थांब्यापर्यंत पळायचं. पहिला थांबा औषधाचं दुकान, दुसरा इस्त्रीवाला, तिसरी शाळा. मधे कुणाला मांजर दिसलं, कुणाला मुंग्यांची रांग दिसली, तरी बस थांबणार नाही, कारण तिथे थांबा नाही. आजोबा नाकासमोर चालायचे. सिंगल बेल झाली की जागच्या जागी उभे, डबल बेल झाली की चालू.

आणि बोलायचं नाही. त्यांच्या बसमध्ये डोक्यावर पाटी असायची, 'गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.' एकतीस वर्षं त्या पाटीखाली बसलेला माणूस पाटी काढली म्हणून बोलायला लागत नाही. पोरांना हे कळायला चार दिवस लागले. पाचव्या दिवसापासून ती आपापसांत बोलू लागली आणि आजोबा एकटेच पुढे चालू लागले.

भिंगरी मात्र सोडेना. तिची जागा पहिल्या जोडीत होती. रोज औषधाच्या दुकानापाशी ती त्यांचा शर्ट ओढायची. "आजोबा, एक विचारू?"

"शाळेत पोचल्यावर."

शाळेत पोचलं की तिकडची घंटा व्हायची आणि भिंगरी वाऱ्यासारखी आत पळायची. संध्याकाळी क्लास. रात्री पेंग. दुसऱ्या दिवशी पुन्हा "आजोबा, एक विचारू?" आणि पुन्हा "शाळेत पोचल्यावर." असे अकरा दिवस गेले. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तिच्याशीच आपण बोलत नाही, हे आजोबांच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. येत होतं, आणि त्यावरच ते रोज दुपारी खिडकीशी बसून गोंधळत होते. ड्युटीवर बोलावं, तर ड्युटी मोडते. न बोलावं, तर ड्युटी कशाला करायची? दोन्हीकडून कात्री.

तिकडे गल्लीचं रूप पालटत चाललं होतं, तेही त्यांना नीट उमगत नव्हतं. चाललेली माणसं बावीस आणि बदल मात्र साऱ्या गल्लीत. आपली बस बघून दुसऱ्या दोन वाटांवर दोन बस निघाल्या. भिंतीवरच्या खडूच्या रेघा एकशे चाळीसवरून सत्त्याऐंशीवर आल्या. इस्त्रीवाल्याने शर्ट बाहेर टांगले आणि पोरांना टेकायला दुकानापुढे एक बाक टाकलं. औषधवाल्याने फुटपाथवरची स्कूटर हलवली. तिसरीच्या वर्गाने नगरपालिकेला पत्र लिहिलं, "आमच्या बसच्या वाटेत गटाराला झाकण नाही. बस त्यात पडली तर क्रेन लागणार नाही पण आई लागेल." गंमत म्हणजे पत्राचा उपयोग झाला. बाराव्या दिवशी सकाळीच गटाराच्या कामाला माणसं आणि एक धडधडणारं मशीन येऊन उभं राहिलं.

नेमका त्याच दिवशी कंडक्टरबाईंचा गुडघा सुजला.

"आजचा दिवस सुट्टी द्या," खिडकीतून त्या ओरडल्या. "बेल भिंगरीकडे देते. तिला सगळं येतं. माझ्यापेक्षा बरी वाजवते."

भिंगरी बेल घेऊन रांगेच्या शेवटी गेली. जाताना तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी ड्रायव्हर कंडक्टरकडे बघतो तशी मान हलवली. सात पन्नासला डबल बेल झाली आणि बस सुटली.

इस्त्रीवाल्याचा थांबा घेऊन गाडी पन्नास पावलं पुढे गेली असेल, तोच मागून सिंगल बेल आली. आजोबा थांबले. कुणाची तरी पाण्याची बाटली पडली असणार. आता डबल बेल येईल.

डबल बेल आली नाही. हाक आली. "आजोबा!"

हा भिंगरीचा आवाज. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, आजोबांनी मनात म्हटलं. पोरीला काळवेळ म्हणून कळत नाही. त्यांनी मागे न बघता हात वर केला, म्हणजे थांब. दुसरी हाक आली. तिसरी अर्धीच ऐकू आली, कारण तेवढ्यात गटारावरचं मशीन सुरू झालं आणि सगळी गल्ली थरथरू लागली.

आता ऐका, आजोबा तिथे का उभे राहिले ते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा घाईत त्यांनी डबल बेलची वाट न बघता गाडी काढली होती. एका म्हातारीचा एक पाय पायरीवर होता आणि एक रस्त्यावर. तिचं मनगट मोडलं. चौकशी झाली, समज देऊन सोडलं, पण आजोबांनी स्वतःला सोडलं नाही. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, आभाळ कोसळलं तरी डबल बेलशिवाय गाडी हलवायची नाही.

म्हणून ते उभे राहिले. मशीन धडधडत होतं आणि आजोबा कान टवकारून रस्त्याच्या कडेला नाकासमोर बघत उभे होते. पाच मिनिटं गेली. पोरगी हुशार, मशीन थांबल्यावरच बेल देणार, उगीच या कालव्यात वाजवून काय उपयोग, असं त्यांना वाटलं. दहा मिनिटं गेली. आज पोरं किती शहाण्यासारखी उभी आहेत, कुणाची चूं नाही की चां नाही, याचं त्यांना कौतुक वाटलं. पंधराव्या मिनिटाला घड्याळाकडे बघून त्यांचा जीव कासावीस झाला, कारण गाडी लेट होत होती. पण हलले नाहीत.

मशीन एकदाचं थांबलं. समोरच्या फळवाल्या बाईने पेरूंवरची धूळ झटकत विचारलं, "आजोबा, कुणाची वाट बघताय एवढा वेळ?"

"डबल बेलची."

"कुणी द्यायची?"

"ही काय, मागे पोरं आहेत ना माझी."

फळवालीने वाकून त्यांच्या मागे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "मागे कुठे?" ती म्हणाली.

आजोबा वळले.

मागे रस्ता होता. इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, उघडं, आणि त्यात इस्त्रीवाला नव्हता. बाक होतं. रस्त्याच्या मधोमध एक इवलीशी सॅंडल पडली होती, तिचा पट्टा तुटलेला. बावीस पोरांपैकी एकही पोर नव्हतं.

पुढचं आजोबांना नीट आठवत नाही. ते आधी मागे धावले, औषधाच्या दुकानापर्यंत. तिथून पुढे धावले. उभ्या असलेल्या एका ट्रकखाली वाकून पाहिलं. कुणीतरी "काय हरवलं, आजोबा?" असं विचारलं आणि त्यांना सांगता येईना. बस हरवली म्हणावं, तर लोक वेड्यात काढतील. हातात ती सॅंडल घट्ट धरली होती. शेवटी पाय आपोआप शाळेकडे वळले.

शाळा शांत होती, वर्ग चालू होते. आजोबा धापा टाकत तिसरीच्या दारात उभे राहिले आणि डोकी मोजू लागले. मग पहिलीच्या दारात गेले, मग चौथीच्या. एकवीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा एकवीस. बाविसावं डोकं ऑफिसात सापडलं. पहिलीतलं एक गोल गरगरीत पोर, ज्याला सगळे बटाटा म्हणत, गुडघ्याला पट्टी बांधून बिस्किट खात बसलं होतं.

"माझी सॅंडल!" बटाटा म्हणाला.

आजोबा मटकन खुर्चीत बसले.

सगळा उलगडा मोठ्या बाईंनी केला. बटाटाचा पट्टा तुटला, तो आपटला, गुडघा फुटला आणि बरंच रक्त आलं. भिंगरीने बेल दिली, हाका मारल्या, आजोबा वळले नाहीत. मग तिने इस्त्रीवाल्याला हाक मारली. त्याने बटाटाला खांद्यावर घेतलं आणि दुकानाशेजारच्या बोळातून शाळेच्या मागच्या दाराशी आणलं. बाकीची पोरं जोड्या न मोडता त्यांच्या मागोमाग आली. बोळाच्या तोंडाशी औषधवाल्याने गाड्या अडवून धरल्या आणि वर पट्टीही दिली.

"सगळी सात मिनिटं आधी पोचली," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे एक छापील फॉर्म होता आणि पेन हातात तसंच थांबलं होतं. "मला कळेना, नोंद काय करायची. 'मूल हरवल्यास' असा रकाना आहे. मूल एकही हरवलेलं नाही. हरवला तो ड्रायव्हर. त्याला रकानाच नाही."

त्यांना गोंधळात पडलेलं बघून आजोबांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात मुलगा आत आला. शाळेने ड्रायव्हर हरवला म्हणून त्याला फोन केला होता. त्याने आधी बापाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, धडधाकट आहेत ना ते. मग त्याचा आवाज चढला.

"बाबा, पोराचा गुडघा फुटला आणि तुम्ही रस्त्यात उभे? मागे वळून बघायला काय होतं तुम्हाला?"

"डबल बेल आली नाही," आजोबा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हे कारण या खोलीत कुणालाही कळणार नाही. एका क्षणापुरतं त्यांनाही कळेना.

"उद्यापासून भिंगरी माझ्या गाडीतून येईल," मुलगा म्हणाला. जाता जाता दारात थांबून तो स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटला, "घरून चार मिनिटांत आलो मी. या वेळेला. रस्त्यावर गाडीच नव्हती."

संध्याकाळी भिंगरी टेबलाशी चित्र काढत होती. आजोबा बराच वेळ दाराशी घुटमळले. गुन्हेगारासारखं वाटणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

"तू डबल बेल का दिली नाहीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कशी देणार?" भिंगरीने मान वर केली नाही. "बटाटाला मी दोन्ही हातांनी धरलं होतं. बेल खिशात होती. तोंड मोकळं होतं, म्हणून तोंडाने हाक मारली. तीनदा."

आजोबा तिच्या शेजारी बसले. त्यांनी म्हातारीची गोष्ट सांगितली, मोडलेल्या मनगटाची, जी मुलालाही कधी सांगितली नव्हती. भिंगरीने चित्र बाजूला ठेवून ऐकली.

"मग ती आजी तुमच्यावर रागावली का?"

"नाही. ती म्हणाली, पोरा, मागे बघत जा."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि आजोबा थबकले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्यातून आरसा आणि बेल लक्षात ठेवली होती. म्हातारी त्यातलं काहीच बोलली नव्हती.

"आणि तुझा तो प्रश्न काय होता गं? रोजचा?"

"तो इथे नाही विचारायचा," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली. "तो बसमधला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गाडी काढली. भिंगरी मागच्या सीटवर तोंड फुगवून बसली. आजोबा वरून खिडकीतून बघत होते, पुन्हा खिडकी, पुन्हा गाडी. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. फाटकात बस उभी होती. एकवीस पोरं, जोड्या करून, आडवी. बटाटाच्या सॅंडलला नवा पट्टा होता आणि तो सगळ्यांत पुढे होता. कंडक्टरबाई सुजलेल्या गुडघ्यानिशी काठी टेकत उभ्या होत्या.

मुलाने हॉर्न वाजवला.

"थांब्यावर बस उभी असताना ओव्हरटेक करायचं नसतं!" कंडक्टरबाई कडाडल्या. "आणि ड्रायव्हरशिवाय बस सुटत नसते. पाठव त्यांना खाली. माझा गुडघा दुखतोय, तुझ्याशी भांडायला मला वेळ नाही."

मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. चालत जाणाऱ्यांची बाजू घ्यावी, तर बाप भरवशाचा नाही. बापाला दोष द्यावा, तर पोरं बापाशिवायही सुखरूप पोचली. म्हणजे भरवसा ठेवायचा तो कुणावर? बापावर की त्या इस्त्रीवाल्यावर, औषधवाल्यावर, सगळ्या गल्लीवर? त्याने बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं.

"आजोबांना बोलाव," तो भिंगरीला म्हणाला. "पण पुढे नाही. मागे चालायचं म्हणावं. सगळे नजरेसमोर राहतील असे."

तर अशा रीतीने ड्रायव्हर बसच्या मागे आला आणि कंडक्टर पुढे गेल्या. आजोबांना काही सुधरेना. एकतीस वर्षांत त्यांनी प्रवाशांचे चेहरे आरशात पाहिले होते, पाठी कधी पाहिल्या नव्हत्या. बावीस दप्तरं हलत होती. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले, मग पुढे घेतले. औषधाच्या दुकानापाशी पुढची एक मुलगी रांग सोडून हळूच मागे सरकली आणि तिने त्यांचा एक हात धरला, तेव्हा हातांचा प्रश्न सुटला.

"आजोबा, एक विचारू?"

"विचार."

भिंगरी क्षणभर गडबडली. तिला इतक्या लवकर होकाराची सवय नव्हती. "आई सांगते, आजी कामावर तुमच्याच बसने जायची. खूप वर्षं."

"अकरा वर्षं. पहिल्या सीटवर बसायची."

"मग तुम्ही रोज काय बोलायचात तिच्याशी?"

आजोबांची चाल मंदावली. अकरा वर्षं. रोजचा पाऊण तास. घरी आल्यावर ते दमलेले असायचे, तिला स्वयंपाक असायचा. आणि बसमध्ये ती पाटी.

"काहीच नाही गं," ते म्हणाले. "ड्रायव्हरशी बोलायचं नसतं ना. ती उतरताना 'येते' म्हणायची. मी मान हलवायचो. बस, एवढंच."

"रोज?"

"रोज."

इस्त्रीवाल्याचा थांबा आला. पुढून सिंगल बेल झाली आणि बस उभी राहिली. दोन नवी पोरं चढली, म्हणजे रांगेत घुसली. इस्त्रीवाल्याने आजोबांना बघून हात केला. पांढरे शर्ट उन्हात हलत होते. आजोबा बाकावर टेकले.

"पण एक होतं," ते हळूच म्हणाले. "माझ्या बसचा आतला आरसा वाकडा असायचा. दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर रोज शिव्या घालायचा, की यात गाडीतलं काहीच दिसत नाही, नुसती पहिली सीट दिसते. तो सरळ करायचा. मी सकाळी पुन्हा वाकडा करायचो."

भिंगरी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. "आजीला माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही कधी."

पुढून डबल बेल झाली, खणखणीत, पेन्शनीतही न विसरलेली. रांग हलली, चार पावलं गेली आणि बटाटाने मागे वळून पाहिलं. मग बाकीच्यांनी पाहिलं. बस पुन्हा थांबली.

"आजोबा, डबल बेल झाली," भिंगरी कुजबुजली.

"होऊ दे," आजोबा म्हणाले. त्यांनी तिला बाकावर शेजारी बसवलं. "तिच्या हातात नेहमी एक निळी पिशवी असायची. आधी त्या पिशवीचं ऐक."